यात्रा, फड आणि गावाचे गावपण

दसरा उलटला की अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील कित्येक गावे ओस पडू लागतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रक भरून ऊसतोडणी मजूर साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि त्यांच्या ओट्यावर सोडलेली शाळकरी मुले. पश्चिमेकडच्या पारनेर, संगमनेर, अकोले या तालुक्यांत कारण निराळे, परिणाम मात्र तोच. तेथील तरुण पुण्याच्या कारखान्यांत आणि मुंबईच्या बाजारपेठांत पोटापाण्याला लागलेले असतात. कारखान्यांचे गाळप आटोपते, ऊसतोड्यांच्या गाड्या मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि त्याच सुमारास गावोगावच्या यात्रा भरू लागतात. मुंबईकर, पुणेकर मंडळीही रजा टाकून याच दिवसांत गावी येतात. वर्षातले हे चार-सहा दिवस वगळले, तर गावाची सगळी माणसे गावात अशी असतच नाहीत.

मुळात चैत्र-वैशाख हा यात्रांचा काळ ठरला तो शेतीच्या सोयीने. रब्बीचे पीक खळ्यावरून घरात आलेले, हाती चार पैसे असलेले आणि पेरणीला अवकाश असलेला, असा तो मोकळा काळ. शेतीचे हे गणित आता बरेच बदलले. तिथ्या मात्र त्याच राहिल्या आणि स्थलांतराच्या वेळापत्रकाने त्यांना नवा अर्थ दिला. गाव ही वस्तू नकाशावर बाराही महिने असते. ती माणसांच्या मनात टिकून राहावी यासाठी मात्र काहीतरी घडावे लागते, आणि नगर जिल्ह्यात हे घडवून आणण्याचे काम दीर्घकाळ यात्रेने, कीर्तनाने आणि तमाशाच्या फडाने केले आहे.

ग्रामविकासाचा विचार करताना रस्ते, पाणी, वीज यांचा हिशेब आधी मांडला जातो आणि कला-संस्कृती हा विषय 'निधी उरला तर' या सदरात जातो. नगर जिल्हा तर पाणलोट विकासासाठीच देशभर ओळखला जातो. तथापि, या जिल्ह्यातील सर्वांत गाजलेल्या प्रयोगाची सुरुवात बंधाऱ्याने झाली नव्हती, हे विसरता येत नाही. १९७२च्या दुष्काळाने पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी पुरते खचले होते. दारूच्या भट्ट्या हाच गावाचा प्रमुख धंदा झाला होता आणि संत यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडसुद्धा या भट्ट्यांच्या जळणासाठी गेले होते. १९७५मध्ये लष्करातील नोकरी संपवून गावी परतलेल्या अण्णा हजारे यांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीच्या पैशांतून प्रथम हाती घेतला तो या मंदिराचा जीर्णोद्धार. पडक्या देवळासाठी एक माणूस पदरचे पैसे खर्च करतो, हे पाहून आधी म्हातारी माणसे आणि मागोमाग तरुण श्रमदानाला आले. मंदिर उभे राहिल्यावर गावाला एकत्र बसायला जागा मिळाली. दारूच्या भट्ट्या बंद करण्याचा निर्णय याच मंदिरात झाला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, चराईबंदी हे सारे त्यानंतरचे.

या क्रमाला महत्त्व आहे. पाणलोटाचे काम हे मुळात दुसऱ्यासाठी करायचे काम असते. डोंगरमाथ्यावर ज्याने चर खणायचा, त्याच्या विहिरीला पाणी येतेच असे नाही. ते खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला येते. खालचा आपला आहे, ही भावना असल्याशिवाय वरचा कुदळ उचलत नाही. ही भावना शासकीय परिपत्रकाने निर्माण होत नाही. भजनाला मांडीला मांडी लावून बसल्याने, यात्रेची वर्गणी एकत्र मोजल्याने, एका पंक्तीत जेवल्याने ती हळूहळू तयार होते.

राळेगणच्या कथेची दुसरी बाजूही आहे. वारंवार सांगूनही दारू न सोडणाऱ्यांना मंदिरासमोरच्या खांबाला बांधून चोप दिला गेला, ही गोष्ट हजारे यांनीही नाकारलेली नाही. गावाची एकी मंदिराभोवती बांधली जाते तेव्हा त्या एकीचे नियम कोण ठरवतो आणि त्यांचा मार कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न उरतोच. संस्कृती गावाला जोडते, असे म्हणणाऱ्यांनी ती कोणाला वेशीबाहेर ठेवते, हेही त्याच वेळी पाहिले पाहिजे.

गोदाकाठच्या तालुक्यांत हे जोडण्याचे काम अखंड हरिनाम सप्ताह करतो. श्रीरामपूर आणि वैजापूर या तालुक्यांच्या सीमेवर, गोदावरीच्या पात्रात असलेल्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली ही परंपरा आजही चालू आहे. २०२४मध्ये सिन्नर तालुक्यातील पंचाळे येथे झालेला सप्ताह १७७वा होता. सप्ताह दर वर्षी नव्या गावी भरतो. यजमान गावाला शेकडो एकरांवर मंडप, वाहनतळ आणि स्वयंपाकाची व्यवस्था उभारावी लागते. आमटी जागेवर मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी मात्र पंचक्रोशीतील घराघरांतून येते. लाखोंच्या पंक्ती उठतात त्या या घरच्या भाकरीवर. यजमानपदाची मागणी गावे आपणहून करतात, त्यासाठी चढाओढ करतात, आणि एकदा सप्ताह पार पडला की, एवढे मोठे काम आपण निभावून नेले, हा विश्वास त्या गावात पुढे बरीच वर्षे पुरतो. राजकीय पुढाऱ्यांचे लक्ष या मंडपांकडे असते ते अर्थातच केवळ भक्तीपोटी नव्हे.

परंतु सप्ताहाला प्रतिष्ठा आहे. ज्या कलेने याच मातीत तितक्याच निष्ठेने गावे जागवली, तिच्या वाट्याला ती कधी सुखासुखी आली नाही. ती कला म्हणजे तमाशा.

तमाशाच्या इतिहासात संगमनेर तालुक्याचे स्थान मोठे आहे. याच तालुक्यातील हिवरगाव पावसा या गावची पवळा ही फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री कलावंत मानली जाते. तोपर्यंत स्त्रीभूमिका 'नाच्या पोऱ्या' करीत असे. आताच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६मध्ये जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, अर्थात पठ्ठे बापूराव, यांची लेखणी आणि पवळेचे रूप व गळा या जोडीने मुंबईचे रंगमंच गाजवले. ती महार समाजाची, तो ब्राह्मण. बापूरावांना जातीने वाळीत टाकले आणि पवळेला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. मात्र फड संपल्यावर ती ज्या वस्तीत परतत असे ती वस्ती वेशीबाहेरच राहिली. बापूरावांचे १९४५मध्ये निधन झाले ते विपन्नावस्थेत. तमाशाची ही गाठ पुढेही सुटली नाही. महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतील कलावंतांनी गावाची रात्र रंगवायची आणि सकाळ होताच गावाने त्यांच्याकडे पाठ फिरवायची, असा हा व्यवहार होता. स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात तमाशावर बंदी आली. कलावंतांच्या उपासमारीचा प्रश्न उभा राहिल्यावर महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि निर्बंधांसह फड पुन्हा सुरू झाले.

संगमनेरचे दुसरे मोठे नाव कांताबाई सातारकर यांचे. तुकाराम खेडकर यांच्या फडात नायिका म्हणून उभ्या राहिलेल्या कांताबाईंनी खेडकरांच्या निधनानंतर स्वतःचा फड उभारला, वगनाट्यांतून पुरुष भूमिकाही तितक्याच ताकदीने केल्या आणि संगमनेर ही आपली कायमची भूमी मानली. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार सर्वप्रथम त्यांना मिळाला. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांनी हा फड पुढे चालवला. २०२६मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

फड म्हणजे नेमके काय, याची शहरी वाचकाला कल्पना असतेच असे नाही. ढोलकी फडाचा तमाशा आणि संगीत बारी हे दोन प्रकार वेगळे. संगीत बारी ही प्रामुख्याने लावणी आणि अदाकारीची, जामखेड परिसरातल्यासारख्या कला केंद्रांतून एका जागी चालणारी बैठक. ढोलकी फड मात्र फिरता. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग असा त्याचा क्रम. मोठ्या फडात कलावंत, वादक, तंबू ठोकणारे, आचारी, चालक मिळून शंभराहून अधिक माणसे असतात. तंबू, कनाती, रंगमंच, वीजनिर्मितीचा जनित्रसंच आणि चुलखंडाचे सामान ट्रकांत भरून हे चालते-फिरते गाव दसऱ्याला बाहेर पडते ते वैशाखापर्यंत रोज नव्या मुक्कामी जाते.

या गावाचे अर्थकारणही ऊसतोड मजुराच्या अर्थकारणासारखेच आहे. पावसाळ्यात, काम नसताना, कलावंताला फडमालकाकडून उचल मिळते. ती त्याला हंगामभर फेडायची असते. उचल द्यायला मालक खासगी सावकाराकडून कर्ज काढतो. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात. त्यातून रोजचा खर्च कसाबसा निघतो. कर्ज फिटते ते चैत्रात, यात्रांच्या सुपाऱ्यांवर. सुपारी म्हणजे गावाच्या यात्रा समितीने ठरावीक रक्कम देऊन एका रात्रीसाठी, बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच्या हजेरीच्या कार्यक्रमासह, फड बांधून घेणे. प्रेक्षकांना तिकीट नसते, कारण पैसे गावाच्या वर्गणीतून आधीच आलेले असतात.

येथे गावाची आणि कलेची गरज एकमेकींत गुंतते. वर्गणी घराघरांतून गोळा होते. पुण्या-मुंबईच्या माणसांना निरोप जातात. हिशेब चावडीवर किंवा देवळात वाचला जातो. गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीने दोन तट पडलेले असोत वा भावकीतला बांधाचा वाद कोर्टात असो, यात्रा समितीत दोन्हीकडची माणसे घ्यावीच लागतात. गोदावरीचे पाणी कावडीने आणणारी पोरे, छबिना, दुपारचा कुस्त्यांचा हगामा, गोडीशेव आणि रेवड्यांची दुकाने, पाळणे, माहेरी आलेल्या लेकी आणि रात्री तमाशा, ही त्या दिवसाची रीत. पंचक्रोशीतील मल्ल, हलवाई, पाळणेवाले, बांगड्या विकणाऱ्या बाया यांचा वर्षाचा धंदा अशा गावोगावच्या यात्रांवर उभा असतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५मध्ये 'गावगाडा' लिहिला तेव्हा बलुतेदार, अलुतेदार आणि फिरस्ते यांचे जे जाळे त्यांनी पाहिले, त्यातले बरेच धागे तुटले आहेत. यात्रेच्या दिवशी मात्र त्यातले थोडेफार अजून हाताला लागतात.

असे जाळे किती नाजूक असते, हे तीन गुढीपाडव्यांनी दाखवून दिले. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. सुपाऱ्या ठरण्याच्या ऐन मुहूर्तावर यात्रा रद्द झाल्या आणि फड होते तिथेच थांबले. २०२१चा पाडवा १३ एप्रिलचा. दुसऱ्याच दिवशी, १४ एप्रिलच्या रात्रीपासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. सलग दोन हंगाम बुडाले. उचल घेतलेली फिटली नाही, सावकाराचे व्याज चढत राहिले, कित्येक कलावंत शेतमजुरीला आणि भाजी विकायला लागले. त्याच वर्षी मे महिन्यात संगमनेर येथे कांताबाई सातारकर यांचे निधन झाले. राज्यातील निर्बंध पूर्णपणे उठले ते २ एप्रिल २०२२ रोजी, म्हणजे पुन्हा पाडव्यालाच. त्या चैत्रात यात्रांना झालेली गर्दी ही निव्वळ करमणुकीची भूक नव्हती. दोन वर्षांत गावात जे मृत्यू झाले त्यांना नीट खांदाही देता आला नव्हता. माणसे एकमेकांना प्रथमच भेटत होती.

तथापि, फडांपुढचे संकट केवळ साथीचे नाही. २०१६च्या नोटाबंदीने ऐन हंगामात तिकिटावरच्या खेळांना फटका दिला होता. त्याआधीपासूनच ऑर्केस्ट्रा आणि अलीकडे ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाचाचे कार्यक्रम यांनी तमाशाची जागा घ्यायला सुरुवात केली होती. अशा कार्यक्रमाला ढोलकी लागत नाही, वग लागत नाही, शंभर माणसांचा स्वयंपाकही लागत नाही. यात्रा समितीच्या दृष्टीने तो सोपा. दुसऱ्या बाजूने, तमाशाऐवजी कीर्तन ठेवावे, त्यातून वाचणारे पैसे शाळेला किंवा पाण्याला द्यावेत, असा आग्रह धरणारा वर्गही अनेक गावांत आहे. या आग्रहात तथ्य नाही असे नाही. दुष्काळी वर्षात टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या गावाने फडावर मोठी रक्कम उधळावी, असे कोणी म्हणणार नाही. पण हा हिशेब बहुधा एकाच बाजूने मांडला जातो. मंडपाच्या रोषणाईवर आणि मिरवणुकीच्या ध्वनिवर्धकांवर होणारा खर्च त्यात क्वचितच धरला जातो. कात्री लागते ती शंभर कुटुंबांच्या पोटाला.

कलावंतांच्या पुढच्या पिढीचा प्रश्न तर याहून अवघड आहे. जामखेडला लागूनच असलेल्या करमाळा तालुक्यातील नेर्ले येथील किशोर शांताबाई काळे यांनी १९९४मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन लिहून नाचणाऱ्या आईच्या मुलाचे आयुष्य उघड केले. ते स्वतः डॉक्टर झाले. आपल्या मुलांनी फडावर उभे राहू नये, असे वाटणाऱ्या आईला परंपरेच्या जतनाचे धडे देण्याचा अधिकार शहरातल्या रसिकांना कितपत पोचतो, याचा विचार व्हायला हवा. कला टिकावी, पण तिला जन्म देणारी गरिबी आणि जातीची सक्ती टिकू नये, हे दोन्ही एकाच वेळी साधायचे तर फडावर काम करणाऱ्याला ठरावीक वेतन, विमा, म्हातारपणी मानधन आणि मुलांना वसतिगृह मिळाले पाहिजे. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. पण फिरस्त्या माणसाला कागदपत्रे गोळा करणे हेच मोठे काम असते.

पाथर्डी तालुक्यातील मढी येथील कानिफनाथांची यात्रा या सगळ्या गुंतागुंतीचे मोठे चित्र आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत चालणाऱ्या या यात्रेला राज्यभरातील भटके-विमुक्त येतात. गाढवांचा बाजार भरतो. गोपाळ समाजाचा होळीचा मान येथे आहे. ज्यांना स्वतःचे गाव नाही, अशा समाजांची ही वर्षातली भेटीची, सोयरिकी जुळवण्याची जागा. जातपंचायतीही येथेच बसत. त्यांच्या वाळीत टाकण्याच्या शिक्षांविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिल्यावर २०१६मध्ये राज्याने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. आणि ज्या गडावर अठरापगड जातींचे लोक शतकानुशतके येत राहिले, त्याच मढीच्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांना यात्रेत दुकाने लावू न देण्याचा ठराव केला. त्यावर मोठा वाद झाला. यात्रा कोणाची, हा प्रश्न उत्सवाच्या आनंदात दडपून टाकता येत नाही, हे यातून पुरेसे स्पष्ट झाले.

कलेच्या आधारे ओस पडलेल्या गावांत जीव आणण्याचे प्रयोग जगात अन्यत्रही चालू आहेत. जपानच्या निइगाता प्रांतात, तरुण शहरांत गेल्याने म्हाताऱ्या झालेल्या डोंगराळ गावांत २०००पासून एचिगो-त्सुमारी हा कलामहोत्सव भरवला जातो. बंद पडलेल्या शाळा आणि रिकामी घरे कलावंतांच्या हाती दिली जातात आणि गावातले वृद्धच पाहुण्यांना ती दाखवतात. तेथे कलावंत बाहेरून बोलावून आणावे लागले, त्यासाठी भांडवल आणि आराखडा लागला. नगर जिल्ह्यात कलावंत वेशीपाशीच होता. त्याला आत घेण्याचे राहून गेले एवढेच.

चौंडी या जामखेड तालुक्यातील अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्मगावी मे २०२५मध्ये त्यांच्या त्रिशताब्दीनिमित्त राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. २०२४मध्ये जिल्ह्यालाही त्यांचे नाव मिळाले होते. ज्या राणीने घाट, बारवा आणि धर्मशाळा बांधून दूरदूरची तीर्थक्षेत्रे नांदती ठेवली, तिच्या नावाच्या जिल्ह्यात स्मारकांसाठी निधीची वाण नाही. एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी फडांना पावसाळ्यात तालीम करायला छप्पर, कलावंतांच्या मुलांच्या शाळेची सोय आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज, या मागण्या त्यामानाने अगदी लहान आहेत आणि फडमालक त्या वर्षानुवर्षे करीत आले आहेत.

दरम्यान, पाडवा जवळ आला की पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. नगर, पुणे आणि नाशिक जिल्ह्यांतून यात्रा समित्यांची माणसे जीपगाड्यांतून तेथे उतरतात, या राहुटीतून त्या राहुटीत जातात, यंदाचा वग कोणता, सोंगाड्या कोण, याची चौकशी करतात आणि घासाघीस करून विसार देतात. चैत्र पौर्णिमा आणि कालाष्टमी या तिथींना मागणी सर्वाधिक असते. त्या रात्रींचे दर चढे राहतात आणि उशिरा पोचलेल्या गावाला मोठा फड मिळत नाही. उरलेल्या तिथींचे फलक दुपारपर्यंत राहुट्यांच्या दारावर टांगलेले असतात.